कोपऱ्यातला आकडा

लोकसभेचा दिवस सकाळी अकराला सुरू होतो, असं बाहेरच्यांना वाटतं. आमचा दिवस त्याच्या दोन-तीन आठवडे आधीच सुरू झालेला असे, आणि तोही दिल्लीत नाही, तर नागपुरात, सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्याच्या व्हरांड्यात. चार बाकं, एक टाइपरायटर आणि पाणी प्यायला माठ. इथे बसून मी देशाच्या मंत्र्यांना प्रश्न विचारत असे. खोटं नाही सांगत. विचारायला उभे राहात ते आमचे खासदार. पण प्रश्न लिहीत असे मी.

खासदार पेशाने वकील होते. सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणत, इथेही तेवढंच पुरे. मी त्यांचा पीए होतो, नऊ वर्षं. अधिवेशन असलं की दिल्ली, नसलं की हा व्हरांडा. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे त्या काळातल्या गमतीजमती मागितल्या आहेत. गमती खूप होत्या. काटोलकडचे एक मास्तर दर अधिवेशनाआधी सात प्रश्न घेऊन येत, सगळे परराष्ट्रमंत्र्यांना. एकदा दक्षिण ध्रुवाबाबत सरकारचं धोरण काय, असा प्रश्न होता. मी म्हटलं, "मास्तर, आपला मतदारसंघ तिथपर्यंत जात नाही." तर म्हणाले, "मतदारसंघ नाही जात, पण धोरण तं पाहिजे ना गा सरकारले!" एक बाई शेजारणीच्या नालीचा प्रश्न संसदेत विचारा म्हणून तीन वेळा आल्या. तिसऱ्या वेळी स्वतःच्या हातची चकली घेऊन आल्या. अशा गोष्टी मी लग्नाकार्यात सांगतो, लोक हसतात. पण सांगताना दर वेळी मनात एक दुसरीच गोष्ट उभी राहते आणि मी घाईने विषय बदलतो. यंदा ती लिहून मोकळा होतो.

आधी कामाचं थोडं समजून घ्या, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही.

प्रश्न दोन प्रकारचे. एक तारांकित. त्याला मंत्री सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर देतो आणि खरी मजा त्याच्या पुढे असते. प्रश्न विचारणारा सभासद लगेच पुरवणी प्रश्न विचारू शकतो. छापलेल्या प्रश्नात एखाद्या साध्या माणसाचं नाव सहसा घालता येत नाही. पुरवणीत ते घेता येतं. दुसरा प्रकार अतारांकित. त्याचं उत्तर लेखी येतं, पटलावर ठेवलं जातं आणि छापील पानात जाऊन पडतं. कोणी उभं राहात नाही, कोणी कोणाचं नाव घेत नाही. तारांकितांची यादी हिरव्या कागदावर येई, अतारांकितांची पांढऱ्या.

आता मुद्दा हा, की एका दिवसाला एका सभासदाचा एकच प्रश्न तारांकित होऊ शकतो. कोणाकोणाचा नंबर लागणार हे चिठ्ठ्यांवर ठरतं, तिथे कोणाचं चालत नाही. पण सभासदाने त्या दिवसासाठी दोन प्रश्न दिले असतील तर त्यातला कोणता पुढे घ्यायचा, हे सभासद स्वतः सांगतो; उरलेला अतारांकितांत जातो. फॉर्मच्या कोपऱ्यात एक किंवा दोन असा आकडा घालायचा. बस, एवढंच. आणि आमच्याकडे तो आकडा मी घालत असे. वकीलसाहेब अधिवेशनाआधी कोऱ्या फॉर्मांच्या गठ्ठ्यावर सह्या करून गठ्ठा माझ्या स्वाधीन करत. "तुम्ही बघून घ्या," म्हणत. ते कोर्टाच्या कामात, दौऱ्यात. माझ्यावर विश्वास होता. हे नियमात बसतं का, ते मला विचारू नका.

त्या हिवाळी अधिवेशनाआधी कळमेश्वरचे सीतारामभाऊ आले. साठीच्या आसपासचा माणूस, धोतर, वर जुना कोट. स्टेशनवर हमाली करायचे. मुलगा कवडू वेल्डर. मुंबईच्या एका एजंटामार्फत आखातातल्या एका देशात कामाला गेलेला. पहिले काही महिने पत्रं आली, मग बंद. शेवटचं पत्र दुसऱ्याच कोणाच्या हातचं होतं: कंपनीने सगळ्यांचे पासपोर्ट ठेवून घेतलेत, कुंपणाच्या बाहेर सोडत नाहीत, आठ-नऊ जण आजारी आहेत.

"कोणाकोणाकडे गेलात?" मी विचारलं.

"सगळ्याइकडे गेलो. तहसीलदार म्हणे कलेक्टरकडे जा. कलेक्टर हापिसातला म्हणे हे दिल्लीचं काम होय. दिल्लीले चिठ्ठी टाकली, तिचा जवाब नाही. मंग एक जण म्हणे, वकीलसायबाले सांग, ते मोठ्या सभेत इचारते." कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी फोटो काढून टेबलावर ठेवला. "साहेब, मले बाकी काही नाही पाहिजे. तिथं त्याचं नाव घ्यायले लावा. कवडू सीताराम. एवढ्या मोठ्या माणसाइच्या कानावर नाव गेलं, तं कोणीतरी पाह्यले जाईनच ना?"

त्यांचं म्हणणं अडाण्याचं नव्हतं, अगदी बरोबर होतं. आदल्याच वर्षी दुसऱ्या एका राज्याच्या सभासदाने परदेशी बंदरात अडकलेल्या एका खलाशाचं नाव पुरवणीत घेतलं होतं. मंत्री म्हणाले, चौकशी करतो. परराष्ट्र खात्यातला एक नागपूरचा कारकून माझ्या ओळखीचा होता. त्याने सांगितलं, दुपारच्या चहाआधी वकिलातीला तार गेली. सभागृहात तोंडी दिलेल्या शब्दाची खात्यात फार धास्ती असते. कागदावरच्या प्रश्नाची तेवढी नसते.

मी तिथल्या तिथे प्रश्न टाइप केला. अमुक देशात भारतीय कामगारांना कोंडून ठेवल्याचं सरकारच्या कानावर आलं आहे काय. असल्यास त्याचा तपशील. सरकार काय करत आहे. सीतारामभाऊंना वाचून दाखवला. "यात कवडू कुठी आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पुढे आहे, भाऊ. साहेब उभे राहिले की तोंडी नाव घेतील." कोपऱ्यात त्यांच्यासमोर एकचा आकडा घातला. हे मी केलं होतं. हे विसरू नका.

चार दिवसांनी रामगोपालजी आले. संत्र्याचे मोठे अडत्ये. शहरातल्या एका शाळेच्या संस्थेचे अध्यक्षही. त्यांना संत्र्याच्या निर्यातीवर प्रश्न हवा होता, वाणिज्य मंत्र्यांना. वाणिज्य आणि परराष्ट्र या दोन्ही खात्यांचा उत्तरं द्यायचा वार त्या अधिवेशनात एकच आला होता.

"प्रश्न टाकतो की," मी म्हटलं.

"टाकतो नाही, भाऊ. तारांकित पाहिजे. साहेब खडे झाले पाहिजे, बोलले पाहिजे, दुसऱ्या दिवशी पेपरात आलं पाहिजे. व्यापारी लोक मला विचारून राहिले, आपला खासदार करतो काय म्हणून." मग उठता उठता चपला घालत म्हणाले, "तुमचा छोटा भाऊ बीएड झाला ना? आमचे मराठीचे सर रिटायर होऊन राहिले. बघू."

यापेक्षा एक शब्द जास्त झाला नाही. त्यांनी काही मागितलं नाही, मी काही कबूल केलं नाही. माझा भाऊ दोन वर्षं घरी बसून होता. आई त्याच्यासमोर ताट ठेवताना माझ्याकडे बघायची. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी कवडूच्या प्रश्नाचा फॉर्म फाडला, नवा घेतला, तोच मजकूर पुन्हा टाइप केला आणि कोपऱ्यात दोनचा आकडा घातला. संत्र्याच्या फॉर्मवर एक. आकड्याला किती शाई लागते? मनात म्हटलं, चिठ्ठीत कदाचित वकीलसाहेबांचं नाव निघणारच नाही. मग दोन्ही सारखेच.

नाव निघालं.

यादी दिल्लीत हातात पडली तेव्हा वकीलसाहेब चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "हे काय? तो कळमेश्वरचा प्रश्न पहिला होता ना?"

"चिठ्ठीत संत्र्याचा निघाला, साहेब."

ते कायदा जाणणारे होते, पण या कारकुनी भागात त्यांनी कधी डोकं घातलं नव्हतं. "अरेरे," एवढंच म्हणाले. "मंत्र्यांना पत्र तयार करा माझ्या नावाने." ते पत्र मी लगेच केलं नाही. का नाही केलं, याचं उत्तर आजही माझ्याकडे नीट नाही. पत्र केलं असतं तर त्यावर चर्चा झाली असती, चर्चेत फॉर्म निघाले असते, असं काहीतरी. भीतीला कारण लागत नाही.

आणि त्यातच सीतारामभाऊ दिल्लीत दाखल झाले. मी "प्रश्न लागला" एवढंच कार्ड टाकलं होतं. कुठला लागला ते लिहिलं नव्हतं. वकीलसाहेबांच्या क्वार्टरच्या मागे मला खोली होती, तिच्या दारात सकाळी उभे. "मले फक्त पास काढून द्या. माह्या कानानं आयकतो." वकीलसाहेबांनी आनंदाने पासवर सही केली. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला संसद बघायची आहे.

प्रेक्षकांची गॅलरी वर असते. पिशवी, छत्री, कागद, सगळं खाली जमा करावं लागतं. पायावर पाय टाकून बसायचं नाही, कठड्यावर रेलायचं नाही. सीतारामभाऊंकडून कवडूचा फोटोही काढून घेतला, तेव्हा ते जरा कासावीस झाले. बाकावर ऐकायचं यंत्र होतं. ते कानाला लावायचं, बटण फिरवलं की भाषण हिंदीत ऐकू येई. नागपूरच्या माणसाला हिंदी समजावून द्यावी लागत नाही. मी त्यांचं यंत्र त्यांच्या कानाला लावून दिलं आणि बटण इंग्रजीवर ठेवलं.

"हे तं इंग्रजी होय."

"बिघडलेलं दिसतं, भाऊ. मी सांगतो ना तुम्हाला."

अकराला अध्यक्ष आले, सगळे उठले, बसले. आमचा, म्हणजे संत्र्याचा, प्रश्न नववा होता. प्रश्नांचा तास अकरा ते बारा; तेवढ्यात सहा-सात प्रश्न होतात, फार तर आठ. माझी सगळी भिस्त घड्याळावर होती. नववा पुकारलाच गेला नाही तर "वेळ संपला, भाऊ" असं म्हणता आलं असतं, आणि ते अर्धं खरं असतं. आयुष्यात इतक्या तळमळीने मी कशाचीच वाट पाहिली नसेल जितकी त्या दिवशी बारा वाजायची पाहिली.

चौथा प्रश्न परराष्ट्र खात्याचा निघाला. शेजारच्या देशाशी चाललेल्या बोलण्यांचा. सभासदांमागून सभासद उठत होते. मंत्री शांतपणे एकच वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेने सांगत होते, की आम्ही त्यांच्या संपर्कात आहोत. वीस मिनिटं गेली. मला त्या भांडणाऱ्या सभासदांचे पाय धरावेसे वाटले. सीतारामभाऊ पुढे झुकले. "हे बाहेरदेशाचे मंत्री होय ना? हेच आपल्याले सांगतीन?"

"हेच."

"मानूस बरा दिसते."

पाचवा झाला. मग अध्यक्षांनी सहावा पुकारला आणि विचारणारा सभासद जागेवर नव्हता. सातवा पुकारला, तोही नव्हता.  आठव्याला दोन पुरवणी. घड्याळात बाराला सहा मिनिटं कमी, आणि अध्यक्षांनी आमच्या वकीलसाहेबांचं नाव घेतलं.

वकीलसाहेब उठले. सीतारामभाऊ उभेच राहायला निघाले, मी त्यांना कोटाला धरून खाली बसवलं. गॅलरीतल्या शिपायाने वळून पाहिलं. वकीलसाहेब इंग्रजीत बोलत होते, उत्तर देणारे मंत्री दुसरे होते, आणि सीतारामभाऊ हात जोडून ऐकत होते. जोडलेले हात त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाहीत.

"हे तं वेगळे मंत्री उठले."

"त्यांच्या वतीने उत्तर देतायत."

पुरवणी झाली. तेवढ्यात समोरच्या बाकावरचा एक सभासद काहीतरी म्हणाला: माननीय सदस्यांनी सभागृहाला चव दाखवल्याशिवाय आम्ही निर्यातीला पाठिंबा कसा द्यावा? सगळं सभागृह हसलं. मंत्री हसले, अध्यक्ष हसले, वकीलसाहेबही हसले.

सीतारामभाऊंनी कानाचं यंत्र काढलं. "हसले काहून?"

मी काहीतरी बोलायलाच हवं होतं. म्हटलं, "नागपूरचं नाव निघालं ना, भाऊ. नागपूर म्हटलं की त्यांना संत्रीच आठवतात. कोणीतरी गंमत केली."

"आन् कवडूचं नाव?"

"घेतलं."

"मले नाही आयकू आलं."

"इंग्रजीत घेतलं, भाऊ."

नाव इंग्रजीत घ्यायला काय ते बदलतं? हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्यांनी पुढे विचारलं नाही. बारा वाजले, तास संपला. खाली जमा केलेल्या पिशव्या आणायला मी गेलो, ते फाटकाशी थांबले. संध्याकाळच्या गाडीत बसवताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "तुमचे उपकार हायेत, साहेब. ध्यान असू द्या."

कवडूच्या प्रश्नाचं उत्तर त्याच दिवशी पांढऱ्या कागदावर आलं होतं. माहिती गोळा करण्यात येत आहे व ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल. मंत्र्यांना पत्र मी दोन आठवड्यांनी टाकलं. भावाला जूनमध्ये नोकरी लागली. आजही तो त्याच शाळेत आहे आणि चांगला शिक्षक आहे. हे मी त्याच्या बाजूने लिहितो, माझ्या नाही.

कवडू पुढच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास परत आला. सीतारामभाऊ त्याला घेऊन व्हरांड्यात आले. बाकांवर पाच-सहा माणसं बसली होती. भाऊ मोठ्याने म्हणाले, "यांनीच दिल्लीले प्रश्न लावला. पाया पड, गा." तो वाकला तेव्हा मला दिसलं, उजव्या हाताला अंगठा आणि एक बोट एवढंच उरलं होतं.

तो आपणहून सांगत होता, तक्रार म्हणून नाही, प्रवासाचं सांगावं तसं. "हात मशीनमध्ये गेला, साहेब. आपल्या वकिलातीचे साहेब आले ना, त्याच्या आधी. ते होळीच्या वक्ताले आले. हे संक्रांतीच्या चार दिवस आधी झालं."

लोकसभेतला तो दिवस संक्रांतीच्या चांगला दीड महिना आधीचा. मी टाइपरायटरवर कागद चढवला आणि काही न लिहिता तसाच बसलो. नाव घेतलं असतं तर तार गेली असती का, तार गेली असती तर कोणी वेळेवर पोचलं असतं का, हे सांगता येत नाही, असं मी स्वतःला अनेक वर्षं सांगितलं. ते खरंही आहे. पण ज्या माणसाने दार बंद केलं, त्याने आत कोणी होतं का ते सांगता येत नाही असं म्हणावं, तसंच ते.

पुढची निवडणूक वकीलसाहेब हरले. मी एका वकिलाच्या ऑफिसात टाइपिस्ट झालो. सीतारामभाऊ दर वर्षी एकदा येत, घटकाभर बसत, "बरं हाय ना साहेब?" विचारत आणि जात. मी कळमेश्वरला कधी गेलो नाही.

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा मात्र गेलो. त्यांना आधी सांगितल्याशिवाय छापणं म्हणजे तेच पुन्हा केल्यासारखं झालं असतं. भाऊ आता फार थकलेत. अंगणात खाटेवर बसले होते. कवडू घरी नव्हता. रस्त्यावर त्याचं सायकलचं दुकान आहे, डाव्या हाताने काम करतो. सून चहा ठेवून आत गेली. मी सगळं सांगितलं. फॉर्म फाडला ते, आकडा, कानाच्या यंत्राचं बटण, सगळं. रामगोपालजींचं आणि भावाच्या नोकरीचंही सांगितलं.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "च्या घ्या. थंडा होऊन राहिला."

"भाऊ, तुम्हाला समजलं ना मी काय म्हणालो?"

"समजलं तं. मले तवाच समजलं होतं. तुमी पिशव्या आणाले गेले, तं फाटकावरच्या शिपायाले म्या हिंदीत इचारलं, आता काय सवाल झाला. थो हसला. म्हणे, तुमचे नागपूरवाले साहेब संत्रे विकून राहिले."

 मी म्हणालो, "मग तुम्ही बोलला का नाही? उलट माझे आभार मानलेत. त्याला माझ्या पाया पडायला लावलंत."

"काहून म्हणजे?" ते माझ्याकडे रोखून बघत म्हणाले. पहिल्यांदाच. "तुमच्याशी भांडून मी पोराले कोणाच्या हातानं आणलं असतं? कागद तुमच्यापाशी, सायबाचा कान तुमच्यापाशी. मले दुसरं दार कुठी होतं? तुमाले राग येऊ नाही द्यायचा, एवढंच म्या पाहिलं. पोरगा आला, तं वाटलं, अजून एखांदा कागद अडते-गिडते, तवा पाया पडू दे." चहाची कपबशी माझ्याकडे सरकवत म्हणाले, "मंग सवय पडली."

मी लिहू का, असं विचारलं. "लिहा ना," म्हणाले. "खरं हाय ते लिहा. कवडूचं नाव टाका त्याच्यात." मी टाकतो म्हटलं. उठलो, चपला घातल्या. फाटकापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"साहेब, एक सांगा. मंग थे संत्रे गेले का बाहेरदेशाले?"

मी वळलो. ते थट्टा करत नव्हते, खरंच विचारत होते.

"नाही, भाऊ," मी म्हटलं. "मंत्री म्हणाले होते, विचार करू."